जमिनीबद्दल काही लिहायचं नाही

१४ सप्टेंबर

येशू, मरिया, योसेफ.

आज सकाळी सिक्वातेची वाटी हातात घेतली आणि ती दुसरी सकाळ आठवली. दुमागेतेच्या बाजारात लाकडी बाकावर शुन आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. लग्नाला महिनाही झाला नव्हता. समोर केळीच्या पानावर चिकट भाताची मूद, अर्धा आंबा, आणि वाटीत वाफाळता सिक्वाते, कोकोचा दाट, कडवट. शुनने आधी नुसता भात खायला घेतला, आंबा नंतरसाठी बाजूला ठेवला. दोन चवी एकत्र करायच्या नाहीत ही त्याच्या आईची शिस्त. शेजारच्या मासळीवाल्या बायका बघत होत्या. त्यांच्याकडे पाहून त्याने अख्खी वाटी भातावर ओतली, एक घास खाल्ला आणि फार गंभीरपणे म्हणाला, "हे चूक आहे. पण चांगलं आहे." बायका हसून हसून बाकावरून पडायच्या बाकी होत्या.

त्या सकाळी एवढंच घडलं. तिथून बस धरून आम्ही इथे बाकोंगला आलो, आणि नारळीच्या सावलीतली ही जमीन पहिल्यांदा पाहिली.

काल डॉक्टरांनी नवा फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. यकृतात आता आणखी डाग आहेत. शुनला त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मला आमच्या बिसाया भाषेत, आणि दोन्ही वेळा आवाज सारखाच खाली आणला. घरी येताना तीनचाकीचा आवाज फार होता, ते बरंच झालं. एन्कारला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, अजून सांगितलेलं नाही. ती ओरडेल आणि मला ओरडून घ्यायचा कंटाळा आलाय.

म्हणून ही वही काढली. शाळेत सिस्टर बोनिफासियांनी लावलेली सवय अजून सुटत नाही: माथ्यावर पवित्र कुटुंबाचं नाव, त्यावर तारीख, आणि शेवटी आपलं पूर्ण नाव, स्पष्ट अक्षरात. ज्याच्याखाली नाव नाही ते लिखाण बेवारस, असं त्या म्हणायच्या. मी वाण्याची यादीसुद्धा सही करून पाठवते. वाणी हसतो.

पुरिफिकासियोन आल्वियोला इसोबे

१८ सप्टेंबर

येशू, मरिया, योसेफ.

पंप बिघडला. शुन सकाळभर त्याच्यापुढे मांडी घालून. आयुष्यभर याच देशातल्या गावोगावचे पंप दुरुस्त केले, तरी स्वतःच्या घरच्या पंपाशी तो आजही पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. मी दोनदा झोपले. दुपारी एन्कार तिनोला घेऊन आली. कोंबडी, आलं, शेवग्याची पानं. मीठ मुद्दाम कमी. "डॉक्टरने सांगितलं असणारच," म्हणाली, आणि मी काहीच न सांगता तिला सगळं कळलेलं होतं. ओरडली नाही. त्याचंच वाईट वाटलं.

पुरिफिकासियोन आल्वियोला इसोबे

२१ सप्टेंबर

येशू, मरिया, योसेफ.

वळणावरचा हेल्मुट आज घर सोडून गेला. तीनचाकीत पंखा, दोन पेट्या, त्याच्या बायकोचं, नेनेचं, नेच्याचं झाड आणि म्हातारा कुत्रा. नेनेला जाऊन दीड वर्ष झालं असेल. ती चिंचेच्या झाडाखालची जमीन त्याच्या जर्मन पेन्शनवर घेतलेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक. नेनेच्या भावांनाही ठाऊक. आता बेकरीच्या वरच्या खोलीत राहणार. मी हात केला. त्याने टोपी काढली, जणू मिरवणुकीतून जातोय.

एन्कार शेंगा सोलत होती. म्हणाली, नेनेने काही लिहून ठेवलं नव्हतं, दुसरं काय. जमीन तिच्या नावावर, ती गेली, भाऊ आले.

आमचंही तसंच आहे. परदेशी माणसाला इथे फ्लॅट घेता येतो, गाडी घेता येते, बोट घेता येते. घरही बांधता येतं. पण घराखालची माती घेता येत नाही. पैसा सगळा शुनचा होता. पण जमिनीच्या दाखल्यावर असं आहे: पुरिफिकासियोन आल्वियोला, फिलिपिनो, हिचा विवाह शुनसाकु इसोबे याच्याशी झालेला आहे. त्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने मला खुर्ची दिली आणि शुनला म्हणाला, "तुम्ही तिकडे बाकावर बसा, मिस्टर, तुमचं काही काम नाही." शुन बसला. मांडीवर पैशांची पिशवी घेऊन.

नागरिकत्व बदलता आलं असतं. पण त्यासाठी जपानचं सोडावं लागतं, आणि त्याची आई जिवंत होती तोवर तो विषय निघाला नाही. ती गेली तेव्हा आम्हीच म्हातारे झालो होतो, कोर्टाच्या पायऱ्या चढायचा उत्साह कुणाला होता.

मी गेल्यावर शुन कुठे जाईल? निइगाताला त्याचं आता कोणी नाही. बेकरीच्या वर दुसरी खोली रिकामी आहे का, असा विचार आज माझ्या मनात आला, आणि मला तो विचार आल्याची लाज वाटली.

पुरिफिकासियोन आल्वियोला इसोबे

२२ सप्टेंबर

येशू, मरिया, योसेफ.

झोप नीट झाली. सकाळी डोकं स्वच्छ होतं, म्हणून लगेच लिहिते.

माझ्या पश्चात बाकोंगची जमीन, तिच्यावरचं घर, मागची कार्यशाळा, त्याने स्वतः दगड रचून बांधलेलं न्हाणीघर, कैमितोची दोन्ही झाडं, हे सगळं माझे पती शुनसाकु इसोबे यांना द्यावं. सगळं. ते त्यांचंच आहे. माझं नाव फक्त वर लिहिलेलं होतं. माझ्या बहिणीने किंवा तिच्या मुलाने त्यांना उठवू नये.

लिहून झाल्यावर कितीतरी दिवसांनी भूक लागली. पानात गुंडाळून वाफवलेल्या चिकट भाताचा अख्खा बुदबुद खाल्ला.

३ ऑक्टोबर

टेसिंग येऊन गेली. टेसिंग लिंबागा, माझी शाळेतली बाकसोबती, आता दुमागेतेतली वकील. लोक तिला अटर्नी म्हणतात. मी अजून टेसिंग म्हणते, कारण तिचं अक्षर मी पाहिलंय. बुदबुदची टोपली तिच्यापुढे ठेवली आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी कामाला लागलेय, हेल्मुटसारखं होऊ नये म्हणून सगळं लिहून ठेवलंय.

तिने खाणं थांबवलं.

"कुठे लिहिलंस?"

"वहीत."

"स्वतःच्या हाताने? सगळं?"

"मग काय तुझ्या हाताने? कोणाला वाचता आलं असतं का?"

"तारीख?"

"टेसिंग, मी सिस्टर बोनिफासियांची विद्यार्थिनी आहे."

"म्हणजे सहीसुद्धा केलीस." तिने कपाळाला हात लावला. "पुरिंग, अख्ख्या वर्गात एक तूच अशी आहेस जी वहीत मृत्युपत्र करून ठेवेल आणि तुला पत्ताही लागणार नाही."

मग तिने समजावलं. मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहिते, नाहीतर विसरेन. आमच्या कायद्यात स्वतःच्या हाताने पूर्ण लिहिलेला, तारीख घातलेला, सही केलेला कागद म्हणजे मृत्युपत्र. साक्षीदार नको, शिक्का नको. वहीचं पान असलं तरी चालतं. आणि परदेशी माणसाला मृत्युपत्राने जमीन देता येत नाही. दिली तर तेवढा भाग कोर्ट पुसून टाकतं, मग वाद, वर्षं, वकील. पण बायको काहीही न लिहिता गेली, तर नवरा कायद्यानेच वारस होतो, आणि वारसाहक्काने आलेली जमीन परदेशी माणसालाही ठेवता येते. तेवढं एकच दार उघडं आहे.

"हेल्मुटचं तेच झालं," टेसिंग म्हणाली. "नेनेने सगळं त्याच्या नावे लिहून ठेवलं होतं. प्रेमाने. म्हणूनच भावांना भांडायला जागा मिळाली. त्याला त्यातलंही काही सोडवता आलं असतं, पण लढायचा जोर उरला नव्हता त्याच्यात. जे हातावर ठेवलं ते घेऊन निघाला."

म्हणजे एन्कारने सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

मी विचारलं, काही लिहिलं नाही तर सगळं शुनला जाईल? नाही, म्हणाली. मूल नाही, आईवडील नाहीत. अर्धं नवऱ्याला, अर्धं बहिणीला.

एन्कारला.

टेसिंगने कात्री मागितली आणि माझ्या हातात दिली, हे तुझं तूच करायला हवं म्हणून. २२ तारखेच्या पानावरचं माझं नाव मी कापलं. तुकडा चुलीत घातला. बाकीच्या सह्या राहू दिल्या, तिथे पंप आणि तिनोला आहे. पुढे मात्र सही नको, तारीख टाकायचीच असेल तर टाक, ती म्हणाली, आणि जाताना उरलेले बुदबुद पदरात, म्हणजे तिच्या त्या महागड्या पिशवीत, घालून घेतले.

माथ्यावरचं लिहायलाही आज विसरले. आणि खाली काही नाही. पान उघडं पडल्यासारखं वाटतं.

९ ऑक्टोबर

टेसिंगचा फोन. दुसरी वाट सांगितली. जमीन मृत्युपत्राने एन्कारच्या मुलाला, रेनान्तेला द्यायची आणि त्यातच लिहायचं की शुनला मरेपर्यंत त्या घरात राहायचा हक्क. मालकी नाही, फक्त राहणं. हे परदेशी माणसाला देता येतं, कोर्ट मोडत नाही. "सुरक्षित आहे," ती म्हणाली. "सुंदर नाही, पण सुरक्षित आहे." वकिलाने सुंदर शब्द वापरावा याचं नवल वाटलं.

रेनान्ते वाईट मुलगा नाही. पाणबुड्या पर्यटकांना बोटीने बेटावर नेतो, मला तिता पुरिंग, म्हणजे पुरिंग मावशी, म्हणतो आणि येताना बर्फ आणतो. त्याला किनाऱ्यावर स्वतःचं काहीतरी हवंय, हेही खरं.

शुन कार्यशाळेत करवत घासत होता. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्याने करवत खाली ठेवली नाही, नुसती थांबवली.

"मग मी त्या घरात कोण?"

"रेनान्तेचा तितो."

"पाहुणा," तो म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "सवय आहे."

रागावला नव्हता. पुन्हा करवत घासू लागला. पण संध्याकाळी जेवताना त्याने मला विचारलं, "मीठ घेऊ का?" मी वर पाहिलं. थट्टा होती की नाही ते या माणसाच्या चेहऱ्यावरून मला आजवर कळलेलं नाही. मिठाची बरणी त्याच्याच हाताशी होती.

टेसिंगला कळवलं, ती वाट नको.

१७ ऑक्टोबर

थकवा. जिना चढले नाही. खाटेवरून कैमितो दिसतं, तेवढं बरं.

१ नोव्हेंबर

संतांचा दिवस. सगळं गाव कबरस्तानात. मला खुर्चीवर बसवून नेलं, रेनान्तेने एका बाजूने आणि शुनने दुसऱ्या बाजूने उचलून, राणीसारखी. आईबाबांची कबर एन्कारने चुन्याने रंगवून ठेवली होती. मेणबत्त्या, भात, तळलेली मासळी, पत्ते खेळणारी पोरं.

बाबा शुनबरोबर कधी एका टेबलाला बसले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ जपान्यांविरुद्धच्या युद्धात डोंगरात गेला तो आलाच नाही. मला ते समजत होतं, शुनलाही. फक्त एकदा, शेवटच्या वर्षी, बाबांनी निरोप पाठवला की विहिरीचा पंप ओढत नाही, त्या जपान्याला बघायला सांग. शुन चार दिवस जाऊन बसला. पंप पहिल्याच दिवशी सुरू झाला होता, हे मला नंतर आईकडून कळलं.

आज शुन कबरीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. ती माझी. तिच्याही पलीकडे थोडी जागा आहे. तो एन्कारला म्हणाला, "इथे तरी परदेशी माणसाला जमीन मिळते का?"

एन्कारने मेणबत्तीवरचं मेण नखाने खरवडलं. "इथे कोणी दाखला विचारत नाही," म्हणाली.

मी हसले, पोटात दुखलं. एन्कार हसली नाही. परतताना तिने मला हळूच विचारलं, "टेसिंगकडे काय कागद केलेस, मानांग?" थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणतात. आईबाबांच्या कबरीवरचं मेण हातावर वाळलेलं होतं अजून तिच्या. मी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे. लहानपणीही ती अशीच होती. केकचा तुकडा कोणाला मोठा, ते आधी बघायची.

२० नोव्हेंबर

आज फार वाईट वाटलं.

खाटेवरून पाहिलं, एन्कार आणि रेनान्ते आमच्या आवारात फिरत होते. रेनान्तेच्या हातात दोरी. तिच्या हातात बांबूच्या खुंट्या. दोघं कुंपणापासून पावलं टाकत आली, थांबली, वाद घातला, पुन्हा मागे गेली. मी अजून इथे आहे, श्वास घेतेय, आणि ही दोघं माझी जमीन मोजताहेत.

शुन कार्यशाळेच्या दारात उभा होता. त्याने काही म्हटलं नाही. उलट खुंटी ठोकायला हातोडा आणून दिला. हा माणूस कधीच कोणाला काही म्हणत नाही.

दुपारी काठी टेकत बघायला गेले. आणि मापही धड घेता आलेलं नाही. खुंट्या ठोकल्यात त्या कैमितोच्या पलीकडे, न्हाणीघराच्याही मागे, जिथे काटेरी झुडपं आणि दगड आहेत. घर, विहीर, कार्यशाळा, समुद्राची वाट, सगळं अलीकडेच राहिलं. त्या पलीकडच्या भागाला तर निम्मं कोणी म्हणणार नाही, शेळ्यासुद्धा तिथे चरत नाहीत. रेनान्तेला शाळेतही भूमिती जमली नव्हती. मी मुद्दाम काही बोलले नाही. चुकू देत.

२४ नोव्हेंबर

खुंट्यांना आज कुणीतरी लाल फडकी बांधली. वाऱ्याने हलतात, खाटेवरून दिसतात. पडदा ओढायला सांगितला.

८ डिसेंबर

मरियेचा सण. मिस्सा रेडिओवर ऐकली. दुपारी शेजारीण प्रसादाचा भात घेऊन आली आणि सांगून गेली की एन्कार दोनदा टेसिंगच्या कचेरीत दिसली. मी टेसिंगला फोन लावला. ती म्हणाली, "तीही आता माझी अशील आहे, पुरिंग. बोलता येत नाही."

"माझ्या विरुद्ध?"

"तू औषध घेतलंस का?"

"विषय बदलू नकोस."

"मी तुला शाळेत गणितं दाखवत होते, तेव्हा तू कधी विचारलंस का की बरोबर आहेत का? झोप आता."

ती गणितं चुकलेली असायची, म्हणून मीही नापास झाले होते. हे तिला सांगायचं राहिलं.

एन्कार संध्याकाळी सूप घेऊन आली. मी वही मांडीवर घेऊन बसले होते, लेखणी हातात होती. ती दारातच थांबली.

"काय लिहितेस?"

"माझं मी."

"मानांग, हात जोडते, तू काही लिहू नकोस. तुला लिहायची खोड आहे, लहानपणापासून. आता नको."

"का? तुझा वाटा बुडेल म्हणून?"

तिने सूप टेबलावर ठेवलं.

"हो," म्हणाली. "माझा वाटा बुडेल म्हणून."

आत जाऊन तिने सगळी भांडी घासली, जी घासलेली होती तीसुद्धा. त्या आवाजाने डोकं दुखलं. एका आईच्या पोटच्या आम्ही. आईने आम्हाला एकाच भांड्यातला सिक्वाते दिला.

१६ डिसेंबर

आजपासून ख्रिसमसपर्यंत पहाटेच्या मिस्सा. मी नाही गेले. शुन गेला, एकटाच, चालत. मी विचारलं, तू कशाला, तू तर कॅथलिक नाहीस. तो म्हणाला, तुझी जागा रिकामी दिसू नये म्हणून जाऊन बसलो. येताना चर्चसमोरच्या गाड्यावरून तांदळाचा वाफवलेला गरम पुतो आणला. दोघांनी मिळून एकच खाल्ला. तोही उरला.

२७ डिसेंबर

ख्रिसमस येऊन गेला. लोक आले, गायले, गेले. मला कोणी काही करू दिलं नाही. स्वयंपाकघरात कोण होतं तेही कळलं नाही, फक्त वास आला आणि गेला.

शुन हल्ली सारखे प्रश्न विचारतो. सोमवारी कचरा कोण नेतं. पाणी कधी भरून ठेवायचं. चर्चच्या पाकिटात किती घालायचं. तीनतीनदा विचारतो आणि मी चिडते. इतकी वर्षं याच घरात राहिला आणि आता सगळं नव्याने शिकायला बसलाय. मी म्हटलं, मला विचारत बसू नकोस, मी दमले. तो म्हणाला, बरं. मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, सोमवारी, सोमवारी.

९ जानेवारी

टेसिंग भेटायला आली. ही शेवटची भेट असल्यासारखं वागली नाही, म्हणून मला ती आवडते. सिस्टर बोनिफासियांची नक्कल केली, काठी सुद्धा आपटली. मी विचारलं, समज मी एकच ओळ लिहिली, सही न करता, की एन्कारने शुनला त्रास देऊ नये. ती म्हणाली, सही नसेल तर ती नुसती इच्छा, कायद्याला ऐकू येत नाही, लिही हवं तर. आणि खिडकीतून त्या लाल फडक्यांकडे पाहिलं.

"पण मी तुझ्या जागी असते तर तेवढी ओळसुद्धा वाचवली असती."

"का?"

"शाई महाग आहे."

वकील हसून टाळतात तेव्हा समजावं की त्यांच्याकडे वाईट बातमी आहे. मी पुढे विचारलं नाही.

१९ जानेवारी

ताप होता. एन्कार चार दिवस इथेच झोपली, माझ्या पायाशी, चटईवर. मी दोनदा उठून पाहिलं तर ती जागीच होती. तिच्याही केसांत आता काळं उरलेलं नाही, हे मला आजवर कसं दिसलं नव्हतं.

आज सकाळी एक चमत्कारिक गोष्ट ऐकली. पायरीवर दोघांचं बोलणं चाललं होतं, न्हाणीघराच्या पाण्याचा उतार कुणीकडे काढायचा यावर. एन्कार म्हणाली, "तुमच्या बाजूनेच काढा, मानोंग, माझ्याकडे नुसते दगड आहेत, पाणी मुरायचं नाही."

मानोंग. थोरला भाऊ. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती; माझ्याजवळ 'तुझा जपानी', त्याच्यासमोर काहीच नाही. शुन म्हणाला, "बरं."

तिला काहीतरी हवं असणार. पण ऐकायला गोड वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते.

२८ जानेवारी

अक्षर हलतंय. सिस्टरांनी पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

मन अजूनही घाबरतं. काहीच न लिहिणं हे मला आयुष्यात कोणी शिकवलं नाही. जे प्रेमाचं ते स्पष्ट अक्षरात लिहून खाली नाव घालायचं, हेच शिकले. आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम केलं त्याच्यासाठी कागद कोरा ठेवायचा आहे. टेसिंग म्हणते कोरा कागदच त्याच्या बाजूने बोलेल. मी विश्वास ठेवते, कारण दुसरं काही करायची ताकद नाही.

शुनला आज विचारलं, नव्या दाखल्यावर तुझं नाव वर येईल, पहिल्यांदाच, कसं वाटेल? तो माझी नखं कापत होता.

"मला जुना दाखला आवडतो," म्हणाला. "त्यावर तुझ्या मागे मी आहे."

२ फेब्रुवारी

येशू, मरिया, योसेफ.

मेणबत्त्यांचा सण, मरियेच्या शुद्धीकरणाचा, म्हणजे माझ्या नावाचा सण, आणि माझा वाढदिवस. रेनान्तेने चर्चमधून मंतरलेली मेणबत्ती आणली आणि खाटेजवळ लावली. बर्फही आणला होता. मी दोन तुकडे चोखले, फार बरं वाटलं.

आता थोडंसं कोणाला काय द्यायचं ते. ही फक्त विनंती आहे, टेसिंग, घाबरू नकोस.

टेसिंगला माझी शाईची लेखणी. तिने ती माझ्या हातातून काढून घेतलीच आहे, आता कायमची ठेव. आणि सिस्टर बोनिफासियांबरोबरचा वर्गाचा फोटो, ज्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.

शिवणयंत्र रेनान्तेच्या बायकोला. पायाशी पट्टा सैल आहे, शुनला सांगितलं तर घट्ट करून देईल. रेनान्तेला माझ्याजवळची बाबांची दुर्बीण. समुद्रावर उपयोगी पडेल. आणि त्याला कोणीतरी एकदा जमीन मोजायला शिकवा.

हेल्मुटला आमच्या व्हरांड्यातली दोन नेच्याची झाडं, नेनेच्या झाडाला सोबत म्हणून. त्याच्या खोलीला गॅलरी आहे, मी रस्त्यावरून पाहिली आहे. शुनने स्वतः नेऊन द्यावीत आणि लगेच परतू नये, बसावं.

जपमाळ माझ्या हातातच राहू द्या. चर्चला जे द्यायचं ते शुनला माहीत आहे, तीनदा विचारून झालंय.

एन्कारला आईचं सिक्वातेचं भांडं आणि ते घुसळायची लाकडी रवी. त्यावरून आम्ही भांडलो होतो, आई गेल्यावर, तिच्या चुलीसमोर उभं राहून. मी मोठी म्हणून ते मला मिळालं. त्यात दोघांपुरतं होतं, तिघांपुरतंही होतं. मी गेल्यावर रविवारी तिने इथे येऊन एकदा करावं आणि शुनने तो भातावर ओतला तर हसू नये. खुंट्यांबद्दल तिला विचारायचं राहिलं. ती आत्ता माझ्या पायाशी बसून माझे पाय चोळतेय, आता विचारत नाही.

शुनला माझा चष्मा. त्याला त्यातून दिसणार नाही, पण तो रोज पुसत आलाय.

जमिनीबद्दल काही लिहायचं नाही.

सिस्टर, क्षमा करा. खाली नाव घालत नाही.